'रांचो'ला जहागीर म्हणावं का?

कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. आपल्या गावाचा इतिहास मराठीत लिहिताना त्यांनी वाक्य केलं, 'मेक्सिकन काळात इथे मोठमोठ्या जहागिऱ्या होत्या.' मूळ शब्द 'रांचो'. त्यासाठी जहागीर चालेल का, इनाम म्हणावं, की सरळ 'रँच' लिहावं?

ताई, जहागीर नको. जहागीरदाराला मिळे तो एखाद्या मुलखाचा वसूल, आणि तोही बहुधा चाकरीच्या बदल्यात. जमीन कसणारी रयत तिथे आधीपासून असे. रांचोवाल्याला वसुलाचा हक्क नव्हता, हाती आली ती जमीनच. तीही सुरुवातीला पुरती नाही. १७८४ मध्ये गव्हर्नर पेद्रो फाहेस याने दोमिंगेस, वेर्दुगो आणि निएतो या तीन सैनिकांना लॉस एंजेलिसच्या आसपास गुरं चारायला परवानगी दिली, पण मालकी स्पेनच्या राजाकडेच राहिली. म्हणून स्पॅनिश काळाबद्दल लिहिताना मी 'चराईचा परवाना' म्हणेन.

१८२१ ला मेक्सिको स्वतंत्र झाला आणि चित्र पालटलं. १८२४ चा वसाहत कायदा व १८२८ चे नियम यांनी खरी मालकी देऊ केली. एका माणसाला जास्तीत जास्त अकरा चौरस लेग्वा, आणि एक चौरस लेग्वा म्हणजे साधारण ४,४०० एकर! वर्षभरात घर बांधून राहायचं, हद्द पक्की करायची, अशा अटी असत. अर्जासोबत 'दिसेन्यो' जोडत, म्हणजे हाताने काढलेला नकाशा: इथे ओढा, तिथे टेकडी, हे मोठं ओकचं झाड. आपल्या जुन्या खरेदीखतातली चतुःसीमा आठवते ना, तीच गोष्ट चित्रात.

मोजणी तर बघण्यासारखी होती. दोन घोडेस्वार, मध्ये पन्नास 'वारा' लांबीचा चामड्याचा दोर. एक जण काठी रोवून थांबे, दुसरा दोर ताणेपर्यंत घोडा पुढे काढी, मग पहिल्याची पाळी. असे शंभर दोर झाले की एक लेग्वा. सकाळच्या दवात चामडं ताणायचं, उन्हात आकसायचं, त्यामुळे हद्दी किती काटेकोर असतील ते ओळखा. हा 'वारा' मराठी माणसाला परका नाही. आपला कापड मोजायचा 'वार' पोर्तुगीज 'वारा'वरून आला असं मानतात, आणि स्पॅनिश 'वारा' त्याचाच सख्खा भाऊ. म्हणजे नऊवारीतला वार आणि सनीव्हेलची जमीन मोजणारा वारा एकाच घरातले. लांबी मात्र वेगळी: तिकडचा सुमारे ३३ इंच, आपला ३६.

मग इनाम? जवळ जातो, पण इनाम म्हटलं की सारामाफी आणि केलेल्या सेवेची बक्षिशी डोळ्यांसमोर येते. इथे अर्ज करून, अटी मान्य करून जमीन मिळे. माझं मत: जमिनीला 'रांचो' आणि सरकारने दिलेल्या कागदाला 'सनद'. सनद हा शब्द इथे चपखल बसतो, कारण पुढचं सगळं भांडण कागदाचंच आहे. १८४८ च्या तहाने कॅलिफोर्निया अमेरिकेकडे गेला, १८५१ च्या कायद्याने प्रत्येक रांचोवाल्याला आपली सनद शाबीत करायला लावली. ८१३ दावे दाखल झाले, ६०४ मान्य झाले, पण अंतिम पट्टा हाती यायला सरासरी १७ वर्षं लागली. तोवर वकिलांच्या फीत आणि कर्जाच्या व्याजात कित्येकांच्या जमिनी गेल्या. जवळजवळ त्याच वेळी, १८५२ च्या कायद्याने, मुंबई इलाख्यात इनाम कमिशन आपल्या इनामदारांकडे सनदा मागत होतं. त्यांना 'सनद दाखवा' या दोन शब्दांची धास्ती काय असते, ते ठाऊक होतं.

एक गोष्ट लेखात जरूर घाला. 'रिकाम्या जमिनी वाटल्या' असं लिहू नका. तिथे मूलनिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. मिशनांच्या, म्हणजे स्पॅनिश पाद्र्यांनी वसवलेल्या धर्मठाण्यांच्या, जमिनींचा मोठा वाटा त्यांना मिळायचा होता, तो बहुतांश रांचोवाल्यांकडे गेला, आणि तेच लोक त्या रांचोंवर अन्नवस्त्रावर गुरं राखत राहिले.

'रँच' मात्र टाळा, तो पुढे इंग्रजीत घडलेला शब्द आहे. स्पॅनिशमध्ये 'रांचो' म्हणजे आधी सैनिकांचं एकत्र जेवण, पंगतच म्हणा ना. मग तात्पुरता निवारा, आणि मेक्सिकोत गुरांचा वाडा-शिवार. उच्चारताना 'च' चिमणीतला, चुलीतला नव्हे.

तुमच्याच गावात बोरेगास अव्हेन्यू आहे. ते नाव १८४२ च्या 'पास्तोरिया दे लास बोरेगास' या रांचोचं, अर्थ मेंढ्यांचं कुरण. तेव्हा वाक्य असं करा: 'मेक्सिकन काळात इथे सरकारी सनदेने मिळालेले मोठे रांचो होते, त्यातल्या एकाचं नाव मेंढ्यांचं कुरण.'