दूध संघाच्या बिलासाठी एक्सप्रेस की जावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच जणांची टीम, तालुक्याच्या दूध संघाचं काम मिळालंय. गावोगावच्या संस्था, फॅट-एसएनएफवर (दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) दर, दर दहा दिवसांनी बिल, त्यातून पशुखाद्याची आणि उचलीची कपात. पोरं म्हणतात एक्सप्रेस किंवा फ्लास्कमध्ये दोन महिन्यांत उडवतो. संघाचे सल्लागार म्हणतात, जावाशिवाय बोलायचं नाही.

आधी एक खुसपट काढतो. जावा ही भाषा; एक्सप्रेस हे जावास्क्रिप्टमधलं आणि फ्लास्क हे पायथनमधलं फ्रेमवर्क, म्हणजे अॅप बांधायचा तयार सांगाडा. म्हणजे बैल चांगला की छकडा, असं विचारल्यासारखं झालं. तुलना करायची तर एक्सप्रेसची जावातल्या स्प्रिंग बूटशी करा, फ्लास्कची पायथनमधल्याच जँगोशी. शिवाय 'जावा जड' हे ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांनी एक्सएमएलच्या लांबलचक सेटिंग फायली लिहिलेल्या असतात. २०१४ मध्ये स्प्रिंग बूट आलं, तेव्हापासून एक जार फाइल (सगळं अॅप एकत्र बांधलेली फाइल) चालवली की सर्व्हर उभा राहतो.

आता आमची फजिती सांगतो, कारण तुमचं काम त्याच जातीचं आहे. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आम्ही नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी सोय) आणि एक्सप्रेसवर केलं. डेमो झकास झाला. पिग्मी एजंट मोबाइलवर नोंद करतोय, इकडे शाखेत लगेच दिसतेय, चेअरमन खूश. पहिल्याच महिनाअखेरीला तेरीज, म्हणजे जमा-नावेचा ताळा, जुळेना. फरक ३७ पैशांचा. हसू नका. हिशेबनिसाला सदतीस पैसे आणि सदतीस हजार सारखेच, फरक सापडेपर्यंत कुणी घरी जात नाही. रात्री साडेअकराला सापडलं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये रकमेचा कॉलम न्यूमेरिक (अचूक दशांश) प्रकारचा होता, म्हणजे तिथे सगळं अचूक. पण नोडला पोस्टग्रेसशी जोडणारा ड्रायव्हर न्यूमेरिक आकडा मुद्दाम स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणून हातात देतो, कारण जावास्क्रिप्टच्या नंबरमध्ये तो जसाच्या तसा मावेल याची खात्री नसते. आमच्यातल्या एकाला ती स्ट्रिंग खटकली आणि त्याने तिच्यावर पार्सफ्लोट लावून तिचा जावास्क्रिप्टचा साधा नंबर करून टाकला, आणि तो दशांश अचूक ठेवत नाही. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ४.३५ ला १०० ने गुणून बघा. ४३५ नाही, ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतं. पुढे कुणी अपूर्णांक छाटला की पैसा गेला.

जावात डबल हा साधा दशांश प्रकार वापरलात तरी हेच होणार, तो काही पुण्यवान नाही. पण जावात अचूक दशांशासाठी बिगडेसिमल भाषेसोबतच येतं, पायथनमध्ये डेसिमल मॉड्यूल आहे, आणि पैशाला हेच वापरायचं ही त्या लोकांची जुनी सवय आहे. जावास्क्रिप्टमध्ये तशी सोय अंगभूत नाही. सगळं पैशांमध्ये पूर्णांक ठेवा किंवा लायब्ररी आणा, आणि पाचही जणांनी ते प्रत्येक वेळी लक्षात ठेवा. तुमच्याकडे लिटर दशांशात, फॅट दशांशात, दर दशांशात. बघा बुवा.

दुसरा दणका व्याजाचा. महिनाअखेरची व्याजआकारणी आम्ही एका बटणामागे, एका लूपमध्ये लिहिली होती. नोडमध्ये तुमचा जावास्क्रिप्ट कोड एकाच थ्रेडवर पळतो, म्हणजे एका वेळी एकच काम. बटण दाबलं आणि काउंटरवर पासबुक छापणं थांबलं, लॉगिन थांबलं, बाहेर रांग. ते काम नंतर वेगळ्या वर्कर प्रोसेसमध्ये टाकलं आणि प्रश्न मिटला. चूक नोडची नव्हती, आमची होती. पण संघात दहा दिवसांचं बिल म्हणजे नेमकं असंच काम.

आणि ते 'हलकं' असणं पहिल्या महिन्यापुरतंच असतं. लॉगिन, कुणाला काय दिसावं, दर कुणी कधी बदलला याची नोंद, टेबलांचे बदल: फ्लास्क यातलं काही देत नाही, ते सगळं तुम्ही जोडता. तिसऱ्या वर्षी लक्षात येतं की आपण आपलंच एक फ्रेमवर्क बनवलंय, त्याला कागदपत्रं नाहीत आणि ज्याने बनवलं तो नोटीस पिरियडवर आहे.

अपडेटच्या बाबतीत जावास्क्रिप्ट आणि जावा दोघेही छळतात. २०१६ मध्ये लेफ्टपॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट पॅकेजांचं कोठार) काढून टाकलं गेलं आणि जगभरची बिल्डं पडली. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतल्या सुरक्षेच्या भोकामुळे जावावाल्यांनी रात्री जागवल्या. स्प्रिंग बूट ३ ला गेलात तर जावा १७ हवं आणि जावाएक्सने सुरू होणारी पॅकेजांची नावं कोडभर जकार्ता अशी बदलत बसावं लागतं.

माझं मत विचाराल तर बिल, खतावणी, कपाती स्प्रिंग बूटमध्ये. पोरं पायथनवाली असतील तर जँगोमध्ये, बिनधास्त. संघाकडे आधीपासून मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस आणि तो सांभाळणारा माणूस असेल तर त्यांचंच डॉटनेटही तितकंच चांगलं. टीममध्ये जावा कुणालाच येत नसेल तर केवळ सल्लागारांच्या शब्दाखातर ते घेऊ नका, अर्धवट येणारं जावा फार महाग पडतं. संकलन केंद्रावरच्या मशीनचा डेटा आत घेणं आणि उत्पादकाला एसएमएस पाठवणं, हे मात्र खुशाल एक्सप्रेसमध्ये करा. तिथे ते खरंच सुंदर चालतं. मायक्रोसर्व्हिसेसचं, म्हणजे एका अॅपचे अनेक सुटे तुकडे करण्याचं, नाव काढू नका. पाच माणसं आहात, एक अॅप आणि एक डेटाबेस पुरे.

ठरवण्याआधी दोन आठवडे घ्या. दोघांना दोन बाजूंनी एकच काम द्या: एका संस्थेचं दहा दिवसांचं बिल. नुसतं बिल नको. बिल वाटून झाल्यावर कळलं की सहा तारखेच्या संध्याकाळची फॅट चुकीची लागली होती, आता फरक पुढच्या बिलात दाखवायचा आणि जुनं बिल जसंच्या तसं राहायचं. दोघांचा कोड इथे टाका, मी बघतो.