बी पेशींवर पीएच.डी.साठी जर्मनीला यायचे असेल तर

साताऱ्यात सूक्ष्मजीवशास्त्राची एम.एस्सी. करून बी पेशींवर, म्हणजे प्रतिपिंडे (रोगजंतूंना चिकटणारी प्रथिने) बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींवर, संशोधनासाठी जर्मनीला येताना काय तयारी करावी, असे आपण विचारले आहे. मी मूळचा सांगलीचा, सध्या फ्रायबुर्गमध्ये याच विषयात काम करतो. व्हिसाचे काम त्यामानाने सोपे आहे, म्हणून आधी विषयाबद्दल लिहितो.

मुलाखतीत मला पहिलाच प्रश्न आला तो असा: जी पेशी स्वतःचाच डीएनए कापते, तिला कर्करोग का होत नाही? मी जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांचा १९७६ चा प्रयोग सांगू लागलो. बी पेशींत प्रतिपिंडांची जनुके डीएनए कापून, तुकड्यांच्या फेरजुळणीतून बनतात हे त्यात दिसले आणि १९८७ चे नोबेल त्यांना मिळाले, हे खरे. पण विचारलेले ते नव्हते. उत्तर असे हवे होते: आरएजी-१ व आरएजी-२ ही कापणारी प्रथिने ठरावीक खुणांपाशीच कापतात, आणि एक १२ व दुसरी २३ बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) अंतराची अशा दोन खुणा एकत्र आल्याखेरीज सहसा कापत नाहीत. शिवाय डीएनएची प्रत निघू लागण्यापूर्वी आरएजी-२ नष्ट केले जाते, त्यामुळे कापणी प्रत निघण्याआधीच्या जी-१ टप्प्यापुरतीच राहते. (तासगावचा द्राक्षबागायतदार छाटणीची वेळ चुकू देत नाही, तसेच हे.) तुटलेली टोके केयू प्रथिने धरतात, बंद झालेली टोके आर्टेमिस उघडते आणि लायगेज-४ जोडते, एटीएम हे प्रथिन टोके निसटू देत नाही आणि जोडीच्या गुणसूत्रावर त्याच वेळी काप पडणार नाही हेही पाहते. तरीही कधी चूक होते आणि १८ व्या गुणसूत्रावरील बीसीएल-२ हे पेशीला मरू न देणारे जनुक १४ व्या गुणसूत्रावरील प्रतिपिंड-जनुकाशेजारी जाऊन बसते. फॉलिक्युलर लिम्फोमा या बी पेशींच्या कर्करोगाच्या बहुतेक रुग्णांत हाच बदल आढळतो. म्हणजे प्रश्नातले ‘होत नाही’ हेच अर्धवट होते, आणि ते तिथल्या तिथे बोलून दाखवायला हवे होते.

प्रयोगशाळा निवडताना ती आरएजीवर काम करते की, जपानी शास्त्रज्ञ तासुकु होंजो यांच्या गटाने १९९९ मध्ये शोधलेल्या, प्रतिपिंडांच्या जनुकांत पुढचे बदल घडवणाऱ्या एआयडी या विकरावर, हे तिचे अलीकडचे शोधनिबंध वाचून ठरवा. आरएजीचे काम अस्थिमज्जेत घडते, तर एआयडीचे नंतर, प्रतिजनाशी (प्रतिपिंड ज्याला चिकटते त्या पदार्थाशी) गाठ पडलेल्या पेशींत. एआयडीवर काम करणाऱ्या एका गटाला मी आरएजीविषयी दोन पानी पत्र लिहिले होते; उत्तर आलेच नाही.

पीएच.डी.च्या जागेसाठी येथे बहुधा नोकरीचा करार होतो, पगार अनेकदा पूर्ण वेतनश्रेणीच्या ६५ टक्के असतो, म्हणून करार हाती येईपर्यंत कर्ज काढू नका. राहायला जागा मिळताच दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते; घरमालकाकडून त्यासाठीचा दाखला पहिल्याच दिवशी मागून घ्या.