खिंडीतून परत फिरलात ते बरोबरच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुपारी अडीचला ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, घेऊन डोंगरातल्या खिंडीवर पोचलात, तिच्या माथ्यापेक्षा 400 मीटर वर होतात, वारा पाठीमागून होता, पलीकडचे ढग काळवंडत होते, म्हणून परत फिरलात. तुमच्या मागून आलेले दोघे मात्र पलीकडे जाऊन सुखरूप परतले. मग आपण उगाच घाबरलो का?

नाही. फक्त 'पुढचे ढग काळे दिसले' हे कारण मला अपुरं वाटतं. मी असतो तर आधी मान वळवून मागे पाहिलं असतं. पुढचा ढग सगळ्यांनाच दिसतो. परतीच्या वाटेवरचा ढग आपण बेसावध असताना खाली उतरतो.

आता 400 मीटरचा हिशेब मांडू. तुमचं ग्लायडर शांत हवेत 1 मीटर उतरताना 40 मीटर पुढे जातं. ताशी 100 किलोमीटरला ते सेकंदाला साधारण 0.7 मीटर खाली येतं. पलीकडून परतताना समोर ताशी 30 चा वारा आणि डोंगराच्या आडोशाला सेकंदाला 3 मीटरचा सिंक, म्हणजे खाली जाणारी हवा, धरा. अशा दिवशी यात नवल काही नाही. जमिनीवरचा वेग उरला 70, उतरण्याचा झाला 3.7. 1 मीटर उतरताना पुढे जायचे ते चाळीसाचे राहिले जेमतेम पाच! म्हणजे 400 मीटर उंची 2 किलोमीटरमध्ये संपली, आणि वर खिंडीचा माथा पार करायचा तो वेगळाच. नाक खाली घालून 140 ने पळालात तर साताच्या आसपास मिळतात. म्हणून सिंकमध्ये वेग वाढवायचा. नवख्याचा हात नेमका उलटा जातो, जमीन जवळ आली की स्टिक (नाक वर-खाली करणारा दांडा) आपोआप मागे येते.

दुसरी गोष्ट ढगाच्या तळाची. जमिनीवरचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) यांतला फरक गुणिले 125, म्हणजे तळ साधारण किती मीटरवर ते कळतं. सकाळी 24 आणि 12 असेल तर 1500 मीटर. एक सर पडून 19 आणि 15 झालं की उरले 500. सकाळी माथ्याच्या बऱ्याच वर असलेला तळ दुपारी खिंडीतच बसतो, आणि तुम्ही पलीकडे अडकता.

हे मला अनुभवाने कळलं. एका दुपारी अशाच ढगाखाली मला सलग सेकंदाला 5 मीटरची लिफ्ट, म्हणजे वर उचलणारी हवा, मिळाली, एकही धक्का नाही. व्हेरिओ (चढ-उताराचा वेग दाखवणारं, आवाज करणारं यंत्र) एकसुरात किंचाळत होता आणि मी खुशीत होतो. इतकी गुळगुळीत, रुंद लिफ्ट म्हणजे ढग आता स्वतःच हवा ओढू लागलाय, हे डोक्यात आलंच नाही. निघायचं ठरवलं तेव्हा एअरब्रेक (उंची लवकर घटवणाऱ्या पंखांवरच्या फळ्या) पूर्ण उघडूनही व्हेरिओचा काटा वरच. शेवटी वेग वाढवून कडेने निसटलो. बाहेर पडतो तोच पाऊस सुरू झाला, कॅनोपीवरचा, म्हणजे पायलटच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावरचा, लोकरीचा धागा भिजून काचेला चिकटला, म्हणजे ग्लायडर बाजूला घसरतंय की नाही तेही कळेना. पंख ओले झाले की ग्लाइड (उंचीच्या मानाने पुढे जाणं) घटतो आणि स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान पेलत नाहीत तो वेग, वाढतो. त्या दिवशी दोन्ही एकदम भोगलं. खिंड बंद झालेली. सकाळी नकाशावर खूण करून ठेवलेल्या एका शेतात उतरलो. पंख धरून उभा होतो तेवढ्यात गार वाऱ्याचा लोट आला. तो ज्या ढगातून सुटला होता, तो अजून बराच लांब होता.

रिजचे, म्हणजे डोंगराच्या उताराला धरून उडण्याचे, नियम तुम्हाला ठाऊक आहेतच: वळण नेहमी डोंगरापासून दूर, माथ्याच्या खाली गिरक्या नाहीत. मोठ्या ढगाची सावली पडली की उतारावरचे थर्मल (उन्हाने तापून वर चढणारे हवेचे झोत) थोड्याच वेळात बसतात, एवढं त्यात जोडा.

राहिले ते दोघे. त्यांच्या आवाक्यात पलीकडचं उतरण्याजोगं एखादं शेत होतं का, हे विचारलंत? असेल तर त्यांचा निर्णय ठीक होता आणि तुमचाही. नसेल तर त्या दिवशी त्यांचं नशीब चांगलं होतं. त्यांच्या लॉगरची (उड्डाणाची वाट आणि उंची नोंदवणाऱ्या यंत्राची) फाइल मागून घ्या, आणि परतताना खिंडीवर त्यांच्याकडे किती मीटर उरले होते तेवढं मला कळवा.