मुलगा जुन्या गिटार दुरुस्त करू म्हणतो

खानापूर तालुक्यातील एक वडील लिहितात: ‘मुलगा सेकंड पीयूसी (बारावी) झाला. गोव्याच्या आत्याकडून आलेल्या जुन्या क्लासिकल गिटारला त्याने पोलादी तारा चढवल्या आणि महिनाभरात तिचा ब्रिज (तारा अडकवायची लाकडी पट्टी) उखडला. आता हेच काम शिकायचे म्हणतो. एवढे शिकून सुतारकी करायची का?’

स. न. वि. वि.

आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या उखडलेल्या ब्रिजमध्येच आहे. क्लासिकल गिटार पूर्वी आतड्याच्या तारांसाठी बांधली जाई. नायलॉनच्या तारा आल्या त्या दुसऱ्या महायुद्धानंतर. या तारांचा एकूण ताण चाळीस किलोंच्या आसपास असतो, पोलादी तारांचा सत्तरच्या घरात जातो, आणि जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीची तबली, म्हणजे ब्रिज जिच्यावर चिकटवलेला असतो ती पुढची फळी, तो सोसत नाही. स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) या कारागिराने तबलीच्या आतून पंख्याच्या काड्यांप्रमाणे पट्ट्या बसवण्याची जी पद्धत रूढ केली, तीही हलक्या तारांचा विचार करूनच. हे ओळखून मग हत्यार उचलणे याला सुतारकी म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. मला त्यात काही कमीपणा दिसत नाही.

जुन्या वाद्याचे सांधे सरसाने जोडलेले असतात आणि झिलई स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याची (लाखेची) असते. ऊब आणि ओल दिली की सरस सुटतो, त्यामुळे पुढच्या कारागिराला सांधा पुन्हा उकलता येतो. फेव्हिकॉल लावला की ती वाट बहुतेक बंद होते. हाताला हे वळण लागण्यासाठी मिरजेच्या सतारमेकरांकडे वर्षभर उमेदवारी करावी, असे मी सुचवीन. तिथे गिटार शिकवणार नाहीत, पण लाकूड ऐकायला शिकवतील.

वादन मात्र सोडू देऊ नये. बाराव्या पडद्यावर (दांडीवरच्या धातूच्या पट्टीवर) दाबलेला सूर आणि तिथेच नुसता स्पर्श करून काढलेला सूर जुळतो की नाही, हे ज्याच्या कानाला कळत नाही त्याने पडद्यांना कानस लावू नये. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे, तिथे चौकशी करावी. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या आठ श्रेणींच्या संगीत परीक्षाही देता येतील.

पैशाचे बोलायचे तर आपल्या भागात शंभर वर्षांच्या गिटार हाताला लागणार किती? सुरुवातीची मिळकत बेळगाव आणि गोव्यातील साध्या गिटारचे पडदे बदलण्यातून आणि ब्रिज बसवण्यातूनच होईल, म्हणून पदवी सोडू नये; बी.कॉम. केले तरी चालेल. त्यातून कागदपत्रांची सवयही लागेल, आणि ती हवीच, कारण गिटारसाठी वापरले जाणारे ब्राझीलचे रोझवुड १९९२पासून आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीत आहे आणि आपल्या शिसवीवरही २०१७पासून निर्बंध आहेत, जरी तयार वाद्यांना २०१९मध्ये सवलत मिळाली.

तूर्त त्या गिटारच्या तारा उतरवाव्यात आणि पावसाळ्यात ती भिंतीला टेकवून ठेवू नये. ब्रिजच्या तळाला तबलीच्या लाकडाचे तुसे चिकटून आले असतील, ते घासून काढू देऊ नयेत. ब्रिज तसाच पाकिटात घालून मिरजेला न्यावा.