क्लीनर चालवून रिस्टार्ट केल्यावर लॅपटॉप सुरूच होत नाहीये, फॉरमॅट न करता डेटा वाचेल का?

वाचेल. अशा केसमध्ये बहुतेक वेळा वाचतोच, फक्त आज रात्री कुणीही कितीही आग्रह केला तरी फॉरमॅट करू देऊ नका.

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप स्लो झाला होता म्हणून एक फुकटचं मेंटेनन्स सॉफ्टवेअर (म्हणजे हा क्लीनर) टाकलं, त्याने अठराशेच्या वर एरर दाखवले, तुम्ही सगळे फिक्स करू दिले, सोबत ड्रायव्हरपण (लॅपटॉपचे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम) अपडेट करू दिले, आणि रिस्टार्टनंतर लोगो येतो, गोल फिरतं, निळी स्क्रीन येते, मग ऑटोमॅटिक रिपेअर, मग परत पहिल्यापासून तेच. विंडोज १० आहे, आत वडिलांच्या दुकानाची चार वर्षांची टॅली आहे आणि बॅकअप कुठेच नाही. माझं साताऱ्यात रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, बारा वर्षं झाली, आणि अगदी हीच तक्रार घेऊन दर महिन्याला एखादा तरी माणूस येतोच, तेव्हा घाबरू नका.

लोगो येतोय आणि निळी स्क्रीन येतेय म्हणजे मदरबोर्ड, रॅम, डिस्प्ले यांच्यात सहसा काही नाहीये. बिघडलंय ते विंडोजचं सुरू होणं. तुमच्या फाइल्स डिस्कवर जिथे होत्या तिथेच असणार, क्लीनरने त्यांना सहसा हात लावलेला नसतो. फक्त एक बघा, लॅपटॉपमध्ये जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल आणि आतून टकटक, खरखर असा आवाज येत असेल तर इथेच थांबा, लॅपटॉप बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. असे क्लीनर तासभर अख्खी डिस्क घासून काढतात, आणि आधीच थकलेली डिस्क नेमकी त्यात जाते, मग दोष सॉफ्टवेअरचा की डिस्कचा हे कळत नाही आणि आपण रिपेअर रिपेअर करत तिला अजून मारतो.

आवाज नसेल तर पहिलं काम डेटा बाहेर काढायचं. विंडोज चालू करायचं नंतर. हा क्रम मी हट्टाने सांगतोय कारण सुरुवातीच्या वर्षांत मी तो पाळला नव्हता. एका निवृत्त बाईंचा कॉम्प्युटर होता, मी आधी रिपेअर करत बसलो, जमेना म्हणून विंडोज नवीन टाकलं, डी ड्राइव्हमध्ये असतील फोटो असं धरून चाललो, आणि फोटो होते डेस्कटॉपवर. त्यांच्या मिस्टरांचे शेवटच्या दोन वर्षांतले. त्या काही बोलल्या नाहीत, पैसेसुद्धा देत होत्या. तेव्हापासून दुकानात कॉपी झाल्याशिवाय मी एक बटण दाबत नाही.

तर करायचं असं. ऑटोमॅटिक रिपेअरच्या स्क्रीनवर अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स दिसेल, त्यात ट्रबलशूट, मग परत अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग कमांड प्रॉम्प्ट. (ती स्क्रीन येत नसेल तर लोगो आल्यावर पॉवर बटण दाबून धरून बंद करायचं, असं सलग दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच तिकडे नेतं.) पासवर्ड मागेल, तो तुमच्या अकाउंटचाच. काळी खिडकी उघडली की इंग्रजीत फक्त नोटपॅड टाइप करून एंटर मारा. नोटपॅड उघडेल, त्यात फाइल, ओपन, आणि खाली टेक्स्ट फाइल्सच्या जागी ऑल फाइल्स निवडा. झालं, आता ही ओपनची चौकट म्हणजेच तुमचा फाइल एक्सप्लोरर, इथून फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी आणि पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर पेस्ट. कॉपी होताना किती झालं ते दाखवत नाही, खिडकी अडकल्यासारखी वाटते, पण आत काम चालू असतं, मोठा फोल्डर असेल तर चहा करून या पण बंद करू नका.

ड्राइव्हची अक्षरं इथे वेगळी दिसू शकतात हे लक्षात ठेवा, तुमचा सी इथे डी होतो आणि एक्स नावाचा ड्राइव्ह दिसतो तो रिपेअरचाच असतो, त्यात तुमचं काही नसतं. टॅली प्राइमचा डेटा बहुतेक यूजर्स, त्यात पब्लिक, त्यात टॅलीप्राइम, त्यात डेटा असा सापडतो, आत आकड्यांच्या नावाचे फोल्डर असतात, प्रत्येक कंपनीचा एक. त्यातल्या फाइल्स निवडत बसू नका, अख्खा डेटा फोल्डर उचला. मग डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स.

मध्येच ४८ आकडी की मागितली तर ते बिटलॉकर आहे. बऱ्याच नवीन लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क आपोआप लॉक झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो. मोबाइलवरून त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटला लॉगिन करा, डिव्हाइसच्या माहितीत ही रिकव्हरी की सापडते. ती आधी कागदावर उतरवून घ्या, कारण ती नसेल तर मीच काय, कुणीही तो डेटा काढून देऊ शकत नाही.

डेटा हातात आला की मग विंडोजकडे वळा. सगळ्यात आधी सिस्टम रिस्टोअर, ते त्याच अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये आहे. क्लीनरने किंवा विंडोजने त्या दिवशी रिस्टोअर पॉइंट केला असेल तर तारीख बघून क्लीनर टाकायच्या आधीचा निवडा, अर्ध्या तासात लॅपटॉप जसाच्या तसा येतो, याने फाइल्स जात नाहीत, फक्त त्यानंतर टाकलेले प्रोग्राम आणि ड्रायव्हर जातात. अडचण एवढीच की विंडोज १० मध्ये हे प्रोटेक्शन बऱ्याच मशीनवर बंदच असतं, मग पॉइंट नाही असं दाखवतं.

तसं झालं तर त्याच पर्यायांमध्ये स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, आणि यादी आली की ४ दाबून सेफ मोड, म्हणजे अगदी गरजेपुरतंच चालणारं विंडोज. सेफ मोडमध्ये उघडला तर अर्धी लढाई जिंकलात, कारण याचा अर्थ नव्याने टाकलेला एखादा ड्रायव्हर किंवा सर्व्हिसच आडवी येतेय. तो क्लीनर उघडून त्यात बॅकअप किंवा रिस्टोअर असा पर्याय शोधा, बरेचसे क्लीनर रजिस्ट्रीतून (विंडोजची सेटिंगची वही) काढलेल्या नोंदींची फाइल ठेवतात, ती परत घ्या. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये ज्यांचे ड्रायव्हर त्या दिवशी बदलले त्यांच्यावर रोल बॅक ड्रायव्हर करा, सुरुवात स्टोरेज कंट्रोलर (डिस्क सांभाळणारा भाग) आणि डिस्प्लेपासून. शेवटी तो क्लीनर अनइन्स्टॉल. पण ती बॅकअपची फाइल मघाच्या काळ्या खिडकीतून चालवू नका, तिथली रजिस्ट्री ही रिपेअरच्या तात्पुरत्या विंडोजची असते, तुमच्या विंडोजला त्यातलं काहीच लागू होत नाही आणि आपल्याला वाटतं केलं तरी झालं नाही.

अजून एक, आणि यात मी खूप लोकांना अडकलेलं पाहिलंय. यूट्यूबवर जुने व्हिडिओ आहेत, की कॉन्फिग फोल्डरच्या आत रेगबॅक नावाचा फोल्डर असतो, त्यातल्या फाइल्स बाहेर कॉपी करा की विंडोज सुरू. हे एकेकाळी खरं होतं. पण २०१८ च्या विंडोज १० आवृत्ती १८०३ पासून मायक्रोसॉफ्टने तो आपोआप होणारा बॅकअप बंद केला, आता त्या फोल्डरमध्ये फाइल्स नावाला दिसतात, साइज ० केबी. त्या रिकाम्या फाइल्स खऱ्या रजिस्ट्रीवर टाकल्या तर जे थोडं बिघडलं होतं ते पूर्णच जातं. साइज बघितल्याशिवाय ते करूच नका.

क्लीनरने विंडोज बंद का पडतं, तर रजिस्ट्री म्हणजे नुसत्या सेटिंग नाहीत, डिस्क वाचायला कुठला ड्रायव्हर आधी चालू करायचा हेसुद्धा तिथेच लिहिलेलं असतं. क्लीनरला एखादी नोंद अनाथ वाटली, त्याने उडवली, किंवा ड्रायव्हर अपडेटरने स्टोरेजचा भलताच ड्रायव्हर बसवला, की विंडोजला स्वतःचीच डिस्क दिसत नाही, निळ्या स्क्रीनवर इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस येतं. तुमच्याकडे हेच लिहून येत असेल तर संशय ड्रायव्हरवर घ्या. आणि त्या अठराशे एररने लॅपटॉप स्लो झालाच नव्हता, जुन्या नोंदी पडून राहिल्याने काही फरक पडत नाही. रजिस्ट्री क्लीनर वापरणं आमच्या सपोर्टमध्ये बसत नाही असं खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगतं. हे आकडे घाबरवायलाच असतात, अमेरिकेत २०१९ साली ऑफिस डेपो आणि सपोर्ट डॉट कॉम या कंपन्यांना अशाच खोट्या स्कॅनच्या प्रकरणात मिळून ३.५ कोटी डॉलर भरावे लागले होते. फसलात म्हणून स्वतःला बोल लावू नका.

सेफ मोडही उघडला नाही तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर ८ जीबीच्या वेगळ्या पेनड्राइव्हवर विंडोजचा इन्स्टॉलर बनवा आणि त्यावरून नवीन टाका, डेटा बाहेर असल्याने आता भीती नाही. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, डिस्क गेली समजू नका, लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन तिथे लोड करावा लागतो. नवीनच टाकायचं तर आणि मशीन चालवत असेल तर विंडोज ११ टाका, १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेत.

आणि टॅलीचा फोल्डर कॉपी झाला की तो आधी दुसऱ्या कॉम्प्युटरवर टॅलीत उघडून बघा, वडिलांना शेवटचं बिल दाखवा, मगच पुढच्या पायरीला हात घाला. कुठे अडलात तर निळ्या स्क्रीनचा फोटो काढून खालचा स्टॉप कोड इथे लिहा, मी रात्री साडेनऊला दुकान बंद करतो, त्यानंतर बघून सांगतो.