मास्कमध्ये पाणी शिरतंय? आधी पट्टा सैल करा

डायव्हिंगसाठी नवा मास्क घेतला. पट्टा आवळून आवळून कपाळावर वळ उठतात, तरी पाणी येतंच. अजून किती घट्ट करू?

अजिबात नको, उलट सैल करा. कपाळावरचा वळ हाच पुरावा आहे. मास्कची मऊ सिलिकॉनची कड, म्हणजे स्कर्ट, चेहऱ्यावर अलगद टेकली तरच नीट बसते. पट्टा जास्त ओढला की तिला सुरकुती पडते आणि नेमकी तिथून धार लागते. पाण्याखाली मास्क चेहऱ्याशी धरून ठेवतो तो पाण्याचा दाब. पट्ट्याने फक्त मास्क जागेवरून हलू द्यायचा नाही. तो डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर, कानांच्या वर असावा. मानेकडे घसरला तर मास्क तिरका ओढला जातो.

मास्क चढवल्यावर कडेवरून सगळीकडे बोट फिरवा. कपाळावरची एखादी बट किंवा हूडची, म्हणजे डोक्यावरच्या घट्ट टोपीची, कड आत अडकलेली असते आणि आपण शिव्या घालतो मास्कला!

मला मिशी आहे. काढावीच लागेल का? काही जण व्हॅसलीन लावायला सांगतात.

मिशी ठेवा. पाणी केसांमधल्या फटींतून वर चढतं, त्यामुळे नाकाखाली जिथे स्कर्ट टेकतो तेवढी काही मिलिमीटरची पट्टी साफ केली तरी बराच फरक पडतो. माझ्या अनुभवात दोन दिवसांचे ताठ खुंट भरघोस मिशीपेक्षा जास्त त्रास देतात, कारण लांब केस निदान आडवे तरी पडतात.

व्हॅसलीन मी वापरू देत नाही. पेट्रोलियमने रबर खराब होतं, आणि बोटाला लागलेलं व्हॅसलीन मास्कवरच थांबत नाही. ड्रायसूटची (पाणी आत न येऊ देणाऱ्या पोशाखाची) लॅटेक्सची सील, काच, सगळीकडे पोचतं. लावायचंच तर सिलिकॉन ग्रीस, तेही पातळ. एवढं करूनही मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये थोडं पाणी येणारच. ते दर काही मिनिटांनी काढून टाकायची सवय लावून घ्या.

दुकानात नाकाने श्वास ओढला तर मास्क घट्ट चिकटला होता. पाण्यात मात्र गळतो. असं का?

कारण जोरात श्वास ओढला की जवळपास कुठलाही मास्क चिकटतो. आधी मान मागे टाकून छताकडे बघा, पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर नुसता ठेवा आणि श्वास न ओढता कोणाला तरी कडेने फट दिसते का ते पाहायला सांगा. त्यानंतर अगदी हलका श्वास ओढा. हेच सगळं स्नॉर्कल (श्वासाची नळी) किंवा रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं उपकरण) तोंडात धरून पुन्हा करा, कारण त्याने ओठ आणि गाल पुढे येतात आणि चेहऱ्याचा आकारच बदलतो. हसलात तर गालांवरच्या घड्यांतून पाणी येईल, पण त्याला इलाज नाही. मासा बघून हसू आलं तर खुशाल हसा.

खाली गेलं की मास्क चेहऱ्यावर रुततो, डोळे लाल होतात. मग नाकातून हवा सोडली की पाणी येतं.

यात दोन गोष्टी आहेत. 10 मीटरवर एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणून मास्कमधली हवा निम्म्या जागेत मावू पाहते आणि चेहरा आत ओढला जातो. खाली जाताना नाकातून थोडी थोडी हवा मास्कमध्ये सोडत राहा. पोहण्याच्या गॉगलमध्ये नाक बाहेर राहतं, त्यामुळे हे करता येत नाही. म्हणून तो डायव्हिंगला चालत नाही.

पण तुम्ही प्रत्येक श्वास थोडा नाकातून सोडत असाल तर मास्क दर वेळी उचलला जातो आणि पाणी आत येतं. मास्कच्या कडेने सतत बुडबुडे निघतात का, ते बडीला, म्हणजे सोबतच्या डायव्हरला, बघायला सांगा. निघत असतील तर मास्क बदलून काही होणार नाही, श्वास तोंडातून सोडायची सवय करा.

जुना मास्क अचानक गळू लागला. टाकून द्यावा का?

नाकाखाली पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे आतलं पाणी बाहेर सोडणारी झडप, असेल तर आधी तो तपासा. वाळूचा एक कण अडकला तरी तो बंद होत नाही. गोड्या पाण्यात धुऊन पाहा. नंतर स्कर्ट उजेडात धरा. बॅगेत पायातल्या फिनखाली दबून राहिल्याने तो वाकडा झालेला दिसेल, किंवा काचेजवळ चीर सापडेल. चीर असेल तर मास्क बदला. काहीच दिसलं नाही तर उथळ, शांत पाण्यात बडीचा मास्क घालून पाहा. तोही गळत असेल, तर तुमचा जुना मास्क अजून ठेवा.