आईंचा एमआरआय या आठवड्यात करा, पण त्याआधी त्यांची पॉलिसी वाचवा

नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका वाचकांचे पत्र थोडक्यात असे:

"आई ७३ वर्षांची आहे. महिनाभरापूर्वी बाथरूममध्ये पाय घसरून पडली, तेव्हापासून कंबर धरली आहे. रात्री कूस बदलतानाही ओरडते. मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात दाखवलं, एक्स-रे झाला, गोळ्या दिल्या. आता डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय लिहून दिलाय, पण तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. धंतोलीतल्या एका सेंटरला तोच एमआरआय ७ हजारांत उद्या होतो. तिथल्या काउंटरवर मात्र पूर्ण मणका, दोन्ही गुडघे आणि फुल बॉडी चेकअप असं २२ हजारांचं पॅकेज सांगितलं, म्हणजे एकदाच सगळं कळेल. माझ्या हातात सध्या पैसा नाही. आईची १२ लाखांची एफडी होती, ती गेल्या वर्षी बँकेतल्या मॅडमनी एका चांगल्या प्लॅनमध्ये वळवून दिली. दहा वर्षांत दुप्पट होणार आहेत. मेडिकलचंही त्यातच कव्हर आहे असं त्या म्हणाल्या, म्हणून आईच्या जुन्या हेल्थ पॉलिसीचा ४२ हजारांचा हप्ता यंदा भरला नाही. तारीख जाऊन १६ दिवस झाले. चंद्रपूरची बहीण म्हणते, कर्ज काढ पण आईला त्रास नको. पॅकेज क्रेडिट कार्डावर ईएमआय करून घेऊ की मेडिकलच्या तारखेपर्यंत थांबू?"

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. थांबू नका, आणि पॅकेजही घेऊ नका. डॉक्टरांनी लिहून दिलेला तेवढा एकच एमआरआय ७ हजारांत करा आणि फिल्म, सीडी, रिपोर्ट घेऊन मेडिकलच्या त्याच ओपीडीत जा. स्कॅन बाहेर केला म्हणून उपचार बाहेर घ्यावे लागत नाहीत. पडल्यानंतर महिनाभर रात्री ओरडण्याइतके दुखणाऱ्या ७३ वर्षांच्या बाईला ७ हजारांसाठी आणखी तीन आठवडे ताटकळत ठेवू नये. मात्र पायांतली ताकद कमी झाली, लघवी अडकली किंवा कपड्यांत होऊ लागली, मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा आला, तर कोणत्याही सेंटरला फोन न करता आईंना त्याच क्षणी कॅज्युअल्टीत न्या. तिथे ओपीडीची तारीख लागत नाही.

पॅकेज का नको, तेही सांगतो. २०१५ साली एक मोठा वैद्यकीय आढावा प्रसिद्ध झाला. पाठीचे काहीही दुखणे नसलेल्या लोकांचे मणक्याचे स्कॅन त्यात एकत्र पाहिले होते. सत्तरीच्या लोकांपैकी ९३ टक्क्यांच्या मणक्यातल्या चकत्या झिजलेल्या निघाल्या, आणि त्यांना दुखत काहीच नव्हते. म्हणजे आईंचा पूर्ण मणका आणि दोन्ही गुडघे स्कॅन केले तर रिपोर्टात दोन पाने भरून काही ना काही येणारच. मग प्रत्येक ओळीमागे एक डॉक्टर, एक तपासणी, एक भीती. गुडघ्यांबद्दल आईंची तक्रारच नाही. पडून दुखावलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या हाडांची घनता तपासावी का, हा प्रश्न त्यापेक्षा मोलाचा आहे. तो डॉक्टरांना विचारा, काउंटरवर नको. आणि एमआरआयच्या टेबलावर वीसेक मिनिटे तरी न हलता उताणे पडावे लागते. आईंना ते आज जमणार नाही असे दिसते. आधी वेदनाशामक काय घ्यायचे हे डॉक्टरांकडून लिहून आणा. पेसमेकर किंवा शरीरात कुठे धातू असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा.

स्कॅनचे एवढेच. आता जे तुम्ही विचारलेच नाही त्याकडे येतो, कारण तुमच्या पत्रातले सर्वांत महागडे वाक्य ४२ हजारांच्या हप्त्याचे आहे. पत्र वाचल्या दिवशीच तुम्हाला कळवले होते, इथे इतर वाचकांसाठी सविस्तर लिहितो.

वार्षिक हप्त्याच्या आरोग्य विम्याला तारीख उलटल्यावर ३० दिवसांची सवलतीची मुदत असते. तुमचे १६ गेले, १४ उरले. या काळात हप्ता भरला तर पॉलिसीचे सातत्य टिकते. पण नीट लक्षात घ्या, मधल्या खंडात संरक्षण नसते. आज रात्री आईंना भरती करावे लागले तर तो खर्च तुमच्या खिशातून. ३० दिवस उलटले की नऊ वर्षे चाललेली पॉलिसी संपली, आणि पुन्हा दारात उभे राहायचे ते नवे ग्राहक म्हणून.

नव्या ग्राहकाला काय मिळते? २०२४ पासून ६५ वर्षांवरच्यांना केवळ वयाचे कारण दाखवून दार बंद करता येत नाही, हे खरे. पण रक्तदाब, मधुमेह यांसारख्या जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावता येते. मणक्याचे विकार, मोतीबिंदू, सांधेबदल यांनाही बहुतेक पॉलिसींत दोन-तीन वर्षांची प्रतीक्षा असते. त्यातून आईंचा एमआरआय रिपोर्ट अर्जासोबत जाणार. तो लपवायचा नसतोच, लपवला तर पुढचा क्लेम बुडाला. तो पाहून कंपनी हप्ता वाढवील, कंबर वगळील किंवा सरळ नाही म्हणेल. याउलट जुनी पॉलिसी पाच वर्षांची स्थगन मुदत ओलांडून गेली आहे. त्यापुढे सिद्ध झालेली फसवणूक सोडली तर 'तुम्ही अमुक आजार सांगितला नव्हता' म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. प्रतीक्षेच्या मुदती कधीच संपल्या. नूतनीकरण करताना विमा रक्कम वाढवत नसाल तर नव्याने तपासण्याही नाहीत. आईंनी नऊ वर्षे हप्ते भरले ते नेमके या महिन्यासाठी.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी नूतनीकरण, पावती आणि नवी पॉलिसी हातात, मग एमआरआय. यात पैशाचाही मुद्दा आहे. पुढे याच दुखण्यासाठी भरती व्हावे लागले तर भरतीपूर्वी ठरावीक दिवसांत झालेल्या तपासण्यांचा खर्च बहुतेक पॉलिसी देतात, कुठे ३० दिवसांचा, कुठे ६०. पॉलिसी बंद असताना काढलेला एमआरआय कंपनी यातून वगळू शकते. आज ऑनलाइन हप्ता भरा, उद्या-परवा स्कॅन करा, बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा. हप्त्याच्या नोटिशीत जीएसटी लावलेला नाही ना, तेही पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर तो शून्य आहे.

सोबत आईंचे आयुष्मान वय वंदना कार्डही काढा. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे भरतीचे उपचार त्यातून मिळतात. आधार कार्ड पुरते, खासगी पॉलिसी असली तरी चालते, जुन्या आजारांना प्रतीक्षा नाही. मग ४२ हजार कशाला भरायचे? कारण कार्ड योजनेतल्याच रुग्णालयांत आणि योजनेतल्याच उपचारांना चालते. रामदासपेठ-धंतोलीत तुम्हाला हव्या त्या डॉक्टरकडे ते चालेलच असे नाही. ओपीडीतला एमआरआय तर त्यात बसतच नाही. ४२ हजार खरोखरच झेपत नसते तर मी याच कार्डावर विसंबा म्हणालो असतो. तुमच्या बाबतीत पैसे आहेत.

हो, आहेत. तुम्ही पाठवलेल्या पासबुकाच्या फोटोत तुमच्या आणि आईंच्या संयुक्त बचत खात्यात साडेनऊ लाख दिसत आहेत. ते 'प्लॅनच्या पुढच्या हप्त्यांसाठी' राखून ठेवले म्हणून तुम्ही त्यांना पैसा मानतच नाही. आई तीन हात अंतरावर कण्हत आहेत, त्यांचेच साडेनऊ लाख खात्यात पडून आहेत, आणि मुलगा क्रेडिट कार्डाचा ईएमआय विचारतो आहे. इथवर तुम्हाला कुणी आणून ठेवले ते पाहू.

त्या 'प्लॅन'च्या पॉलिसीचे पहिले पान मी दोनदा वाचले. ही युलिप आहे, म्हणजे बाजारात गुंतवणूक आणि जीवन विमा एकत्र बांधलेली पॉलिसी. वर्षाला अडीच लाख, पाच वर्षे हप्ता, दहा वर्षे मुदत. 'विमाधारक' या रकान्यात तुमचे नाव, वय ४४. प्रस्तावकही तुम्हीच. आईंचे नाव फक्त नॉमिनीच्या ओळीत. म्हणजे 'मेडिकलही त्यातच' असे जे सांगितले गेले, त्यात आईंसाठी एका रुपयाचेही कव्हर नाही. तुमच्यासाठीही आरोग्याचे काही नाही, आहे तो तुमच्या मृत्यूवर २५ लाखांचा जीवन विमा. आईंच्या म्हातारपणाचे पैसे तुमच्या नावावर गेले, आणि त्या विश्वासावर आईंचा खरा विमा बंद पडायला आला. ज्यांनी हे विकले त्यांना समोरच्या बाईचे वय आणि ती एफडी कशाची आहे, दोन्ही माहीत होते. मला याचा मनापासून राग येतो. अडीच लाखांचा आकडाही सहज आलेला नाही. २०२१ नंतरच्या युलिपमध्ये वर्षाला अडीच लाखांपेक्षा जास्त हप्ता गेला की मुदतीअंतीची रक्कम करमुक्त राहत नाही, म्हणून विकणारे बरोबर त्या रेषेवर थांबतात. पाच हप्त्यांचे होतात साडेबारा लाख, आईंकडे होते बारा. उरलेले ५० हजार कुठून येणार, हे कुणी विचारले नाही.

आता दुपटीचे गणित. पाच वर्षांत भरलेला पैसा सरासरी आठ वर्षे आत राहतो. आठ वर्षांत दुप्पट म्हणजे साधारण ९ टक्के, तेही सगळे शुल्क कापून. शेअर बाजारात हे होऊ शकते, नाहीही होऊ शकत. लाभाच्या तक्त्यात, ज्याच्यावर तुमची सही आहे, ४ आणि ८ टक्के असे दोनच अंदाज असतात, आणि त्यांचीही हमी नसते. 'दुप्पट' हा शब्द त्या कागदावर नाही. आणि झाले दुप्पट तरी तेव्हा आई ८२ वर्षांच्या असतील. त्यांना पैसे दर महिन्याला लागतात.

पूर्वी ते मिळत होते. बारा लाखांवर ७ टक्क्यांनी महिन्याला ७ हजार. त्यातूनच हेल्थ पॉलिसीचा हप्ता निघत होता. आज साडेनऊ लाखांवर बचत खात्याचे व्याज महिन्याला जेमतेम दोन हजार. वर्षाला ६० हजारांचे उत्पन्न आईंनी गमावले, आणि घरात सगळ्यांना वाटते की पैसा वाढतो आहे.

युलिपचा पुढचा हप्ता येत्या महिन्यात आहे. तो भरू नका. ऑटो डेबिट बंद करण्याचे पत्र बँकेत आजच द्या आणि पोच घ्या. 'एक हप्ता भरलाय, आता सोडला तर बुडेल' असे तुम्हाला नक्की सांगतील. तर काय बुडते पाहा. आज फंडात सुमारे २ लाख ३८ हजार आहेत. बंद करण्याचे शुल्क नियमाने ५ हजारांच्या आसपासच राहते. उरलेली रक्कम बंद पॉलिसींच्या फंडात जाते, तिथे किमान ४ टक्के मिळतात आणि पाच वर्षांचा लॉक-इन, म्हणजे पैसे काढता न येण्याची मुदत, संपला की पैसे परत येतात, साधारण २ लाख ७० हजार. हेच अडीच लाख एफडीत राहिले असते तर साडेतीन झाले असते. म्हणजे ८० हजारांच्या आसपास फटका. वाईट आहे, पण तो बसून गेला. ते वाचवायला आणखी दहा लाख आत ढकलायचे नाहीत. तुमचा २५ लाखांचा विमा मात्र यात जाईल, तेव्हा तुमच्या पगारातून स्वतंत्र टर्म पॉलिसी, म्हणजे गुंतवणूक नसलेला निव्वळ जीवन विमा घ्या, आणि ती हातात आल्यावरच हा विषय संपला समजा.

साडेनऊ लाखांतून ४२ हजार हप्ता आणि ७ हजार एमआरआय गेला की नऊ उरतात. दीड लाख आईंच्या उपचारांसाठी बचत खात्यात आणि लहान एफडीत ठेवा. साडेसात लाख सीनियर सिटीझन सेव्हिंग स्कीममध्ये, फक्त आईंच्या नावाने. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला १५,३७५ रुपये, म्हणजे महिन्याला पाच हजारांवर. सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत किंवा जवळच्या कोणत्याही मोठ्या डाकघरात हे खाते उघडते. नॉमिनी म्हणून तुमचे आणि बहिणीचे, दोघांचेही नाव लावा. युलिपमध्ये अडकलेले अडीच लाख आईंचे आहेत, हेही बहिणीला आजच फोन करून सांगा आणि परत आले की आईंच्या खात्यात भरा. पुढे कधी वाद झाला तर कागदावर ते तुमचे पैसे दिसतील.

तक्रार करायचीच. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता आली असती, ती संधी गेली. तरी आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, प्रत बँकेला द्या. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइन होतो. पॉलिसी देण्यापूर्वी कंपनीने केलेल्या पडताळणीच्या फोनचे रेकॉर्डिंग मागा. एफडी मोडल्याची तारीख आणि पहिला हप्ता गेल्याची तारीख शेजारी शेजारी लिहा, आणि मॅडमचे व्हॉट्सअॅपवरचे दुपटीचे मेसेज असतील तर ते जोडा, पुसू नका. 'फसवणूक झाली' एवढेच लिहून पाठवले तर तुमच्या सहीचा कागद दाखवून ते मोकळे होतील. कुणी, कधी, काय सांगितले आणि पॉलिसीत काय आहे, हे ओळीने लिहा. मसुदा मला पाठवा, पाहून देतो. पण तो पुढच्या आठवड्यात. आज फक्त नूतनीकरणाचा हप्ता भरा आणि पावतीचा फोटो पाठवा.